पांढरा ठिपका

ही गोष्ट खरी आहे. ज्याला पटेल त्याला पटेल, ज्याला नाही पटणार त्यानं खुशाल पुढची गोष्ट वाचावी, माझं काही म्हणणं नाही. मी लिहिणारा माणूस नाही. गॅरेजवाला आहे. एका बोटानं टाईप करतोय, आणि तेही बोट ग्रीसचं. चुकलं-माकलं पोटात घाला.

आधीच सांगतो, यात रात्रीचे बारा नाहीत. कुत्री रडत नाहीत. पांढऱ्या कपड्यातली बाई नाही.

जे घडलं ते भर दुपारी घडलं. सव्वादोनला. जेवणाच्या सुट्टीत.

आमच्याच गॅरेजच्या खड्ड्यात.

गॅरेज आम्हा दोघा भावांचं. म्हणजे खरं तर दादाचं, मी त्याच्या हाताखाली वाढलो. खाली गॅरेज, वर दादाचं घर, मधे लोखंडी जिना. वर दादा, वहिनी आणि माझी पुतणी. मी गॅरेजच्या मागच्या खोलीत. लग्न केलं नाही. वहिनी म्हणायच्या, "भाऊजी, मुलगी बघायला मी जाईन हो, पण आधी नखं साफ करा. नखं बघूनच पळतील सगळ्या." मला सगळे छोट्या म्हणतात. वय चव्वेचाळीस, तरी छोट्याच.

दुपारी दोन वाजता वहिनी जिन्यावरून डबा घेऊन यायच्या. दोघांचा एकच डबा, पाच पुडांचा. शटर अर्धं खाली ओढायचं, टायरवर फळी टाकायची आणि जेवायचं. असं वीस वर्षं चाललं.

आता थोडं कामाचं सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. खड्डा म्हणजे गाडी वर उभी करून खालून काम करायची जागा.

गाडीच्या सायलेन्सरच्या पाईपवर एक सेन्सर असतो, काही गाड्यांत पुढे एक नि मागे एक. ऑक्सिजन सेन्सर. दादा त्याला गाडीचं नाक म्हणायचा. धुरात काय आहे ते हुंगून ते इंजिनला सांगतं, आणि त्यावर इंजिन ठरवतं पेट्रोल किती जाळायचं. या नाकाची वायर एका कपलरनं गाडीच्या वायरिंगला जोडलेली असते. कपलर म्हणजे प्लॅस्टिकचे दोन तुकडे, एकात एक बसणारे, दाबले की कुलूप लागणारे. आमच्याकडे येणाऱ्या दहा गाड्यांतल्या चार गाड्यांत सेन्सर चांगला असतो, कपलर तेवढा सैल असतो. लोक उगाच नवा सेन्सर घालून बसतात.

कपलर बसवायची दादाची पद्धत होती. आधी दाबायचा, टिक ऐकू येईपर्यंत. मग ओढून बघायचा. मग वायर क्लिपमध्ये अडकवायची, म्हणजे ती तापलेल्या पाईपवर लोंबत नाही. आणि सगळ्यात शेवटी रंगाच्या पेननं कपलरच्या सांध्यावर एक ठिपका.

ठिपका लावताना मोठ्यानं ओरडायचं. पुढच्या सेन्सरचा कपलर असेल तर, "पुढचा बसला!" आणि दुसऱ्यानं जिथं असेल तिथून म्हणायचं, "ऐकलं!"

दादाचा ठिपका पांढरा. माझा पिवळा.

शिकत होतो तेव्हा माझ्या पिवळ्या ठिपक्याशेजारी दादा आपला पांढरा लावायचा. दोन ठिपके म्हणजे त्यानं तपासलंय. चुकलं असेल तर कपलर उपसून काढायचा, आणि हातातल्या पान्यानं सायलेन्सरवर दोनदा वाजवायचा.

टण् टण्.

म्हणजे, परत कर.

बोलायचा नाही. खड्ड्यात उभं राहून तोंड उघडलं की माती तोंडात जाते म्हणायचा. मुळात बोलायचाच कमी. एकदा मला अकरा वेळा करायला लावलं होतं. मी रडकुंडीला आलो आणि तो शांत. टण् टण्.

मग एक दिवस माझ्या पिवळ्याशेजारी पांढरा आलाच नाही. मी दोनदा बघून आलो. दादाला विचारलं, "राहिला काय रे?" तो म्हणाला, "तुझा आहे ना? मग झालं."

बास, एवढंच. मी तेवीस वर्षांचा होतो. त्या रात्री आनंदानं झोप लागली नाही. तेव्हापासून माझ्या एकट्या ठिपक्यावर गाडी बाहेर जायला लागली. आणि आमच्यात एक अलिखित ठरलं, की एकानं ठिपका लावला की दुसऱ्यानं तपासायचं नाही. तपासलं तर तो अपमान.

आता माझं पाप सांगतो.

ते रंगाचं पेन उलटं धरलं की नीट चालत नाही. खड्ड्यात उभं राहून डोक्याच्या वर ठिपका लावायचा म्हणजे रंग खाली मनगटावर ओघळतो. म्हणून मी एक पळवाट काढली होती. कपलर सुटा लोंबत असतानाच त्याला खाली वळवून दोन्ही तुकड्यांच्या कडेला आधीच रंग लावून घ्यायचा. मग दाबायचा. दोन्ही अर्धे जुळले की ठिपका पूर्ण.

दादानं दोनदा हटकलं होतं. "छोट्या, ठिपका शेवटी."

मी म्हणायचो, "शेवटी काय नि आधी काय, कपलरला थोडंच कळतं?"

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. दादाच्या स्वतःच्या गाडीत इंजिनचा दिवा लागत होता. जुनी, लहान, राखाडी गाडी. मी खड्ड्यात होतो. कपलरच सैल होता, नेहमीचं दुखणं. मी दोन्ही तुकड्यांना पिवळा लावला, एकात एक सरकवले...

आणि वरून शेजारचा बेकरीवाला ओरडला, "छोटूशेठ, चहा आणलाय! थंड झाला की तुमच्या नावानं बोंब नको."

मी वर आलो.

चहासाठी. एका चहाच्या ग्लाससाठी.

बेकरीवाल्यानं त्याच्या सासऱ्याचा काहीतरी किस्सा सांगायला घेतला. मी हसत होतो. तेवढ्यात दादा किल्ली घेऊन आला. पुतणीची परीक्षा सुटायची होती, तिला आणायला जायचं होतं. वहिनी जिन्यावरून ओरडत होत्या, "अहो निघा ना लवकर, पोरगी उन्हात उभी असेल!"

दादानं खड्ड्यात वाकून बॅटरी मारली. त्याला कपलर दिसला, त्यावरचा पिवळा ठिपका दिसला. अर्धवट सरकवलेला कपलर लांबून बसल्यासारखाच दिसतो.

"छोट्याचा ठिपका आहे," तो स्वतःशीच म्हणाला. "मग बघायलाच नको."

मी ऐकलं ते. माझ्या कानांनी ऐकलं. आणि मी चहाचा घोट घेऊन मान हलवली.

"पुढचा बसला" असं मी त्या दिवशी ओरडलो होतो का? नव्हतो ओरडलो. आणि तेव्हा ते कोणाच्याच लक्षात आलं नाही.

चाळीस मिनिटांनी फोन आला.

गाडी घाटाच्या वळणावर अचानक बंद पडली. दादा उतरला, बॅटरी घेऊन खाली शिरला. पाय रस्त्यावर होते. वळणावरून ट्रक आला. ट्रकवाला रडून सांगत होता की त्याला माणूस दिसलाच नाही हो, गाडी तेवढी दिसली, पाय दिसले तेव्हा उशीर झाला होता.

पुढचं लिहवत नाही. दादा गेला.

पुतणी त्या दिवशी शाळेच्या फाटकाशी संध्याकाळपर्यंत उभी होती. तिला आणायला मग मीच गेलो. तिनं मला बघितलं आणि विचारलं, "काका, बाबा कुठेत?" सतरा वर्षांची पोर. काय सांगितलं ते आता आठवत नाही.

दादाच्या वस्तू एका पिशवीत घालून मिळाल्या. घड्याळ, किल्ल्या, शर्ट. शर्टाच्या खिशात त्याचं पांढऱ्या रंगाचं पेन होतं, ते फुटलं होतं. सगळा खिसा पांढरा. पेनाचे तुकडे आम्ही टाकून दिले. शर्ट वहिनींनी धुतला नाही, तसाच घडी घालून कपाटात ठेवला.

गाडी पंधरा दिवसांनी परत आली. बाहेरून फारसं काही झालं नव्हतं. मी ती ढकलत खड्ड्यावर आणली, शटर लावलं आणि एकटाच खाली उतरलो.

बॅटरी मारली.

कपलर सुटा लोंबत होता. वायर तापलेल्या पाईपवर पडून वितळली होती, तारा उघड्या पडल्या होत्या. त्या गाडीत सेन्सरचा आणि टाकीतल्या पंपाचा फ्यूज एकच. तारा पाईपला टेकल्या, फ्यूज उडाला, पंप थांबला, गाडी थांबली. अगदी त्या वळणावर.

आणि लोंबणाऱ्या दोन्ही तुकड्यांवर माझा अर्धा-अर्धा पिवळा ठिपका.

मी खड्ड्यात खाली बसलो. किती वेळ बसलो देव जाणे.

मग मी काय केलं माहितीये? थिनरचा बोळा घेतला आणि ठिपका पुसला.

हो, पुसला. लाज वाटते लिहायला, पण खोटं लिहायचं तर ही उठाठेव कशाला करू? वायर बदलली. नवा कपलर घातला. दाबला, टिक झाली. ओढून बघितला. क्लिप लावली. ठिपका मात्र लावला नाही.

वर जाऊन वहिनींना सांगितलं, "फ्यूज उडाला होता. जुनी गाडी. नशीब."

वहिनी ओट्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "नशीब नाही भाऊजी. मीच घाई केली. ते गाडीखाली उतरून बघणार होते, मला माहितीये ना त्यांची सवय. मी ओरडले नसते तर त्यांनी बघितलं असतं."

मी म्हणायला हवं होतं, नाही वहिनी, तुम्ही नाही.



"मीच मारलं हो त्यांना," त्या म्हणाल्या, आणि भांडी घासायला लागल्या. घासलेलीच भांडी परत घासत होत्या.

दुसऱ्या दिवशी दोनला डबा आला. पाच पुडांचा. दोघांचा. वहिनींच्याही लक्षात आलं. त्या डब्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "संध्याकाळी खा उरलेलं." आणि वर निघून गेल्या.

शटर अर्धं खाली होतं. राखाडी गाडी खड्ड्यावर उभी.

सव्वादोन वाजले असतील...

खड्ड्यातून आवाज आला.

...खट्.

कपलरचं कुलूप उचकटलं की असा आवाज येतो. पंचवीस वर्षं ऐकतोय, झोपेतही ओळखेन.

उंदीर असेल म्हटलं. खाली उतरलो. खड्ड्यात कोणी नव्हतं.

कपलर सुटा लोंबत होता. हळूहळू हलत होता, आत्ताच कोणीतरी हात काढल्यासारखा.

नवाच तुकडा खराब निघाला असेल, असं मनाला समजावलं आणि दुसरा घातला. टिक. ओढला. क्लिप.

दुसऱ्या दिवशी, सव्वादोन.

...खट्.

तिसऱ्या दिवशी मी इरेला पेटलो. कपलरला प्लॅस्टिकचा पट्टा बांधला, वायरी बांधतात तो, एकदा आवळला की कापल्याशिवाय निघत नाही. पक्कडीनं ओढून आवळला. म्हटलं, काढ आता.

सव्वादोन.

...खट्.

खाली गेलो तर पट्टा खड्ड्याच्या तळाशी पडला होता. कापलेला नव्हता. तसाच, आवळलेला, बंद वेटोळं. आणि कपलर वर मोकळा लोंबत होता.

अंगावर सर्रकन काटा आला. भर दुपारी, बाहेर रस्त्यावर गाड्यांचे हॉर्न वाजत होते, बेकरीवाल्याचा रेडिओ चालू होता, आणि मी घामानं भिजलो होतो.

त्या रात्री ठरवलं की गाडी विकून टाकायची. वहिनींना सांगितलं तर त्या एकदम उसळल्या. "गाडी जाणार नाही! पोरगी चालवेल ती. त्यांनी तिला शब्द दिला होता."

ती चालवणार. या गाडीतून ती त्याच वळणावरून जाणार.

आठव्या दिवशी मी डबा उघडलाच नाही. दोन वाजता खड्ड्यात उतरलो, दिवा लावला आणि पाईपखाली उभा राहिलो. डोळे कपलरवर.

मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, हे परत सांगतो. कोणाच्या सांगण्यावरून विश्वास ठेवलेला नाही.

सव्वादोन वाजता बेकरीवाल्याचा रेडिओ बंद झाला. रस्ताही गप्प झाला. माझा श्वास तेवढा ऐकू येत होता.

...आणि दुसरा एक.

माझ्या डाव्या खांद्यामागे. दादा नेहमी तिथंच उभा राहायचा, मी शिकत असताना.

मान वळवायची हिंमत झाली नाही.

कपलरचं कुलूप हळूच वर उचललं गेलं. कोणाचं बोट नव्हतं. खट्. दोन तुकडे वेगळे झाले, वायर खाली आली, माझ्या डोळ्यांसमोर लोंबायला लागली.

आणि सायलेन्सरवर, माझ्या डोक्याच्या बरोबर वर...

टण् टण्.

माझ्या तोंडून हुंदका फुटला. भीती वाटली हो, खोटं कशाला बोलू. पण भीतीच्याही आधी रडू आलं. तीन आठवडे ज्या माणसाचा आवाज कुठंच नव्हता, त्याचा हा आवाज होता.

मी कपलर हातात घेतला. दाबला. टिक. ओढला. क्लिप लावली.

...खट्.

टण् टण्.

परत केलं.

टण् टण्.

परत.

किती वेळा केलं मोजलं नाही. बोटं सोलवटली. शेवटी मी ओरडलोच. "दादा, बरोबर बसलंय रे! टिक झाली, ओढून बघितलं, क्लिप लावली! आता काय राहिलं?"

काहीच आवाज नाही.

काय राहिलं ते मला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

खिशातलं पिवळं पेन काढलं. कपलरवर ठिपका लावला. रंग मनगटावर ओघळला, ओघळू दिला. आणि पुटपुटलो, "पुढचा बसला."

खांद्यामागचा श्वास थांबला नाही.

...खट्.

टण् टण्.

"भाऊजी?"

मी दचकून वर बघितलं. अर्ध्या शटरखालून वहिनी आत आल्या होत्या. डबा परत न्यायला. खड्ड्याच्या काठावर उभ्या होत्या, चेहरा पांढराफटक.

"कोणाशी बोलताय?" त्यांनी विचारलं.



"हे वाजतंय ते..." त्यांचा आवाज अडखळला. "मी रोज वर ऐकतेय. या वेळेला. मला वाटलं माझंच डोकं फिरलं. हे त्यांचंच आहे ना? ते असंच वाजवायचे ना तुम्हाला?"

त्यांनाही ऐकू येत होतं.

तेव्हा कळलं, की पुटपुटून चालणार नाही. दादाचा नियम मोठ्यानं ओरडायचा होता. दुसऱ्याला ऐकू जाईल असा.

मी कपलर दाबला. टिक. ओढून बघितला. क्लिप लावली. ठिपका लावला. आणि वर वहिनींच्या डोळ्यांत बघून, जेवढा आवाज होता तेवढा काढून बोललो.

"वहिनी, त्या दिवशी पुढचा कपलर मी बसवला होता. म्हणजे बसवलाच नव्हता. ठिपका आधी लावला आणि चहा आला म्हणून उठलो. दाबायचा राहिला. वायर पाईपवर पडली, जळली, म्हणून गाडी बंद पडली. दादानं बघितलं होतं वहिनी. तुमच्या घाईतसुद्धा तो वाकला होता. त्याला माझा ठिपका दिसला, म्हणून तो खाली उतरला नाही. नंतर मी ठिपका पुसला आणि तुमच्याशी खोटं बोललो. तुम्ही काही केलेलं नाही. मी केलंय."



वहिनी हलल्या नाहीत. रडल्या नाहीत. मला वाटलं शिव्या देतील, काहीतरी फेकून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वाकल्या. न उघडलेला डबा उचलला. आणि अगदी शांतपणे म्हणाल्या,

"ऐकलं."

एवढंच. शटरखालून बाहेर गेल्या. जिन्यावर त्यांची पावलं वाजली. एक, एक, एक. वरचं दार लागलं.

मी कपलरकडे बघत उभा राहिलो. पाच मिनिटं. दहा मिनिटं.

खट् झालं नाही. खांद्यामागचा श्वासही नव्हता. बेकरीवाल्याचा रेडिओ परत सुरू झाला होता, कधी ते कळलंच नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता डबा आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. त्यानंतर आजवर आलेला नाही. चार वर्षं झाली, वहिनी माझ्याशी एक शब्द बोललेल्या नाहीत. जिन्यात समोर आलो तर त्या थांबतात, मला जाऊ देतात, भिंतीकडे बघतात. मी समजू शकतो. माझ्याशी मीही बोललो नसतो.

पण त्यांनी "मीच मारलं" म्हणणं मात्र सोडलं. पुतणी सांगते, आई आता रात्री झोपते.

आता शेवटचं, ज्यासाठी हे लिहायला बसलो.

त्या डबा न आलेल्या पहिल्या दिवशी, जेवणाच्या वेळी, मी खड्ड्यात उतरलो होतो. कपलर जागेवर होता. माझा पिवळा ठिपका सांध्यावर, वाळलेला.

आणि त्याच्या शेजारी...

एक पांढरा ठिपका.

बोट लावून बघितलं. बोटाला रंग लागला.

ओला होता.

दादाचं पेन फुटलं होतं. त्याचे तुकडे मी माझ्या हातानं टाकले होते. गॅरेजमध्ये पांढरा रंग त्या दिवसापासून मी आणलेला नाही.

पुतणी आता तीच गाडी चालवते, रोज कामाला जाते. त्याच वळणावरून. दर सहा महिन्यांनी सर्व्हिसिंगला गाडी माझ्याकडेच आणते. आईनं तिला कधी अडवलं नाही, हे माझं नशीब. दर वेळी मी खाली उतरतो. पिवळा जुना, अर्धा उडालेला असतो. पांढरा ओला असतो.

गेल्या आठवड्यात ती आली होती. मी खड्ड्यातून वर आलो, हात पुसत होतो. बोटाला पांढरा रंग होता. पोरीनं तो बघितला. मग गाडीत बसता बसता म्हणाली, "काका, एक सांगू? सर्व्हिसिंगच्या दिवशी आई बाबांचा तो शर्ट कपाटातून काढते. दिवसभर मांडीवर घेऊन बसते. आज मी हात लावून बघितला."

"मग?"

"खिसा ओला आहे, काका."

मी विचारलं, "आई काही म्हणाली?"

"नाही," ती म्हणाली. "तिनं फक्त विचारलं, काकांनी खालून बघितलं का म्हणून."

गाडी गेली. मी दारात उभा राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिलो.

लोकांना वाटेल, दादानं माफ केलं, छान झालं. मलाही तसं वाटून घ्यायचं असतं. पण तुम्ही विसरताय, दोन ठिपक्यांचा अर्थ काय ते मी वर सांगितलंय. शिकाऊ पोराच्या कामावर दादा पांढरा लावायचा. ज्याच्यावर भरवसा नाही, त्याच्या कामावर. ज्या दिवशी माझ्यावर भरवसा बसला, त्या दिवशी त्यानं तो लावणं सोडलं होतं. आता परत लावतोय. लेकीची गाडी आहे, तो माझ्या एकट्या ठिपक्यावर सोडत नाही. आणि बरोबरच आहे त्याचं.

दुपारी शटर अर्धं खाली असतं. डबा नसतो, बेकरीतून पाव आणतो. जेवायच्या आधी खड्ड्यात उतरून सकाळचं काम एकदा तपासतो. ठिपका आता शेवटीच लावतो, रंग मनगटावर ओघळतो. मोठ्यानं ओरडतो, "पुढचा बसला!"

मग थोडा वेळ तिथंच थांबतो. अजून कोणी "ऐकलं" म्हटलेलं नाही.

वर वहिनींच्या घरात त्या वेळी पावलं वाजत असतात. मी ओरडलो की ती थांबतात.